धर्माजी वळायचा ती जागा

सोमा रोकडेला कोणी गाव विचारलं, की तो लगेच सांगत नसे. खोपोलीच्या कारखान्यात तो पाळीवर होता, आणि तिथं सगळी बारा गावची माणसं. कोणी शेलूचा, कोणी पळसदरीचा, कोणी थेट घाटावरचा. नवा माणूस शेजारी आला की पहिला प्रश्न गावाचाच. सोमा आधी विडी शिलगावायचा आणि मग म्हणायचा, "उंबरवलीच्या खालच्या अंगाला." समोरचा म्हणायचा, "म्हंजे उंबरवलीच की." त्यावर सोमा म्हणायचा, "तसंच धरा."

यात त्याचा काही आखडूपणा नव्हता. उंबरवली ओढ्याच्या वर होती. ओढा उतरून आलं की आसाण्याचं एक जुनं झाड होतं, झाडाच्या पुढं बौद्धवाडा, आणि त्याच्याही पुढं माळ चढून गेलं की कोलटेंभी. उंबरवलीची माणसं वाड्याला "खालची" म्हणत, कोलटेंभीची माणसं "ओढ्याकडची" म्हणत, आणि आपली कोणीच म्हणत नसे. एवढं सगळं नव्या माणसाला यंत्र चालू असताना कोण समजावून सांगणार? म्हणून खालचं अंग.

सोमाचा बाप धर्माजी हा जुन्या काळातला गावाचा महार. गावाची जी कामं दुसरं कोणी करत नसे ती सगळी त्याच्या वाट्याला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे गाव बांधायचं. पेरणीच्या आधी एक दिवस असा यायचा, की उंबरवलीत चूल पेटत नसे आणि कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. ठाकूरवाडीतला भगत यायचा, बकरं पडायचं, आणि रक्तात कालवलेल्या भाताची पाटी डोक्यावर घेऊन धर्माजी शिवेवरून चालायचा. हातात घुंगराची काठी, मागं भगत. पाटीतला भात टाकत टाकत गावाला वेढा घालायचा, म्हणजे पटकी, देवी, भूतखेत सगळं वेढ्याच्या बाहेर. शिवेवर काय काय बसलेलं असतं या भीतीनं बाकी कोणी सोबत यायचं नाही. त्यामुळं अख्खी शीव पायाखाली घातलेलं माणूस गावात एकच होतं, धर्माजी. बाकीच्यांना फक्त आपापला बांध माहीत.

सोमा लहान असताना दोन-तीनदा बापाच्या मागं गेला होता. आसाण्याच्या झाडापाशी आलं की धर्माजी वळायचा. झाडाच्या पुढं न जाता ओढ्याच्या काठानं परत वर गावाकडं. वेढा पुरा झाला की भगत शिधा घेऊन जायचा आणि धर्माजी रिकामी पाटी घेऊन पुन्हा ओढा उतरून घरी यायचा. घर वेढ्याच्या बाहेर होतं. एका वर्षी गाव बांधून झालं आणि महिन्याभरात वाड्यात पटकी शिरली. सोमाची धाकटी बहीण जना त्यात गेली. उंबरवलीत एकाही माणसाला काही झालं नाही, आणि गावानं धर्माजीचं कौतुक केलं, की यंदा वेढा पक्का पडला. धर्माजी ते ऐकून घेऊन घरी आला. त्यावर घरात कोणी कधी बोललं नाही, पण सोमा ते विसरलाही नाही.

छप्पन्न साली वाड्यानं दीक्षा घेतली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, त्याच दिवशी धर्माजीनं घुंगराची काठी कुऱ्हाडीनं तोडली आणि चुलीत घातली. तिच्यावर चहा झाला. सगळ्या वाड्यानं तो घोट घोट घेतला आणि धर्माजी म्हणाला, काठी अशी चवीची असेल हे ठाऊक असतं तर लवकर जाळली असती. घुंगरू मात्र पितळेचे होते, ते त्यानं शेळीच्या गळ्यात बांधले. मग सोमाला समोर बसवून म्हणाला, "तुजा आजा चालला, मी चाललो. तू शिवेवर पाय टाकायचा नाय." सोमानं मान हलवली. हा शब्द त्यानं पाळला. पुढं गाव बांधायचं काम आपोआप बंद पडलं, कारण पाटी डोक्यावर घ्यायला कोणी तयार होईना.

असं सगळं निवांत चाललं असताना सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला उंबरवलीत जीप आली. जीपमधून कमळाकर कारखानीस नावाचे तरुण साहेब उतरले. मुंबईच्या नियोजन कचेरीतले. ड्रायव्हर कर्जतचा मकसूद. साहेब धाकलू पाटलांच्या पडवीत बसले, त्यांनी गुंडाळलेला नकाशा उलगडला, आणि उडू नये म्हणून पाटलांनी त्याच्या एका कोपऱ्यावर अडकित्ता आणि दुसऱ्यावर पानाचा डबा ठेवला.

"मुंबई आता मुंबईत मावत नाही," साहेब म्हणाले. "तेव्हा मुंबई म्हणजे कुठवर, हे राज्य सरकारला ठरवायचंय. नुसती शहराची हद्द नाही. जिथली माणसं रोज तिकडं कामाला जातात, जिथलं दूध, भाजी तिकडं जाते, जिथं उद्या कारखाने उभे राहतील, तो सगळा मुलूख एकत्र धरायचा. त्याला महानगर प्रदेश म्हणायचं. रस्ते, पाणी, घरं यांचा विचार मग एकत्र करता येतो."

"आमच्या मामूचं गवत भायखळ्याच्या तबेल्यात जातंय," मकसूद खांबाला टेकून म्हणाला. "मंग त्या म्हशी आमच्याकडच्याच धरायच्या का?"

"जवळजवळ तसंच," साहेब हसून म्हणाले.

पाटलांना म्हशींत रस नव्हता. "घाटावरचं काय?"

"घाटावरचं पुण्याकडं. त्याचा वेगळा विचार होईल."

"मुंबईचा कर बसंल?"

"नाही."

"मंग नळ येतील?"

"लगेच नाही."

"मंग यायचंय काय?"

"सध्या आखणी," साहेब म्हणाले. पाटलांनी हा शब्द चहाबरोबर गिळला.

साहेबांनी पुढं समजावलं. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके काही अख्खे घ्यायचे नव्हते. काही गावं आत, काही बाहेर. तालुका फोडला तरी चालतो, पण गाव फोडायचं नाही, कारण शिरगणती गावागावानं होते. अर्ध्या गावात किती माणसं, हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा गाव एकतर सगळं आत नाहीतर सगळं बाहेर. उंबरवली आत घ्यायची होती आणि कोलटेंभी बाहेर राहणार होती. "म्हणजे तुम्हा दोन गावांमधली शीव, तीच इथं महानगराची शीव," साहेब म्हणाले.

पाटलांचा चेहरा उजळला. "म्हंजे ओढ्यापलीकडचं माजं वरकससुद्दा मुंबईत गेलं म्हना की." माळावरची नाचणीची आणि गवताची ती जमीन पाटलांची फार लाडकी.

अडचण एकच होती. ओढ्यानं पात्र बदललं होतं, आणि नकाशात दाखवलेले शिवेचे दगड जागेवर नव्हते. त्यातला एक खुद्द पाटलांच्या पायरीला लागला होता आणि साहेब त्याच्यावरूनच पडवीत चढले होते, पण ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. शिवाय नकाशा जुना, त्यात बौद्धवाडाच नव्हता. वाड्याची घरं कोणत्या गावात धरायची, हे ठरवून साहेबांना रेघ पक्की करायची होती. त्यांनी पाटलांना शीव दाखवायला सांगितली. पाटलांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावलं. प्रत्येकानं आपापला बांध सांगितला. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की गाव बांधायचे ती शीव खरी, आणि ती कुठून जाते हे आपल्याला कोणालाच माहीत नाही.

पाटील संध्याकाळी वाड्याकडं आले. जुन्या सवयीनं आसाण्याच्या झाडाखाली थांबले आणि तिथून हाक मारली, "सोमा, ए सोमा."

सोमाची बायको आवडी दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "घर हितं हाय, पाटील. झाडाखाली नाय."

पाटील थोडा वेळ झाडाखालीच घोटाळले. मग आले आणि ओट्यावर टेकले. धर्माजी आत बाजेवर होता. डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत. पाटलांनी सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाले, "धर्माजीला आता चालवत नाय. तू त्याच्या मागं हिंडलेला. उद्या साहेबाला जरा फिरवून आन."

"मी शिवेवर जानार नाय," सोमा म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"अरं, भात टाकायचा नाय, बकरं नाय, काय नाय. सरकारी काम हाय."

"बाची महारकी पन सरकारीच व्हती, पाटील."

पाटील उठून गेले. आवडीनं चहा टाकला, पण दोघांनाही तो प्यावासा वाटला नाही. सोमाच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण गेलो नाही, तर उद्या पाटील दाखवतील ती शीव, आणि पाटील ओढाच दाखवतील. मग वाडा उंबरवलीच्या बाहेर. आणि कोलटेंभीवाले तर आजवर म्हणत आलेत, की आमची हद्द माळावर संपते. म्हणजे कागदावरसुद्धा आपण कोणाचेच नाही. बरं, आपण गेलो, तर बापाची वाट दाखवावी लागणार, आणि बाप तर झाडापाशी वळायचा.

आतून धर्माजी बोलला. "सोमा, आपल्याला कुनाच्या अंगाला धरनार रं ते?"

"शीव दावंल तसं."

म्हातारा बाजेवर उठून बसला. "मी सांगितलं व्हतं काठी घेऊन चालू नको. हात हलवत चाल की."



"पन एक हाय," धर्माजी म्हणाला. "खोटं दावू नको. मी जलमभर चाललो, ती चाल खोटी पाडू नको."

सोमाला बापाचा राग आला, खरंच आला. जायला मोकळं केलं, आणि त्याच दमात हातपाय बांधले. ज्या चालीनं आपल्याला बाहेर ठेवलं, तिचाच अभिमान कसला धरायचा, असं त्याला विचारायचं होतं. पण बाप त्या वाटेवर आयुष्य घालवून बसला होता, आणि ती सोडून सांगण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे सोमाला कळत होतं. त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमानं कारखान्याला दांडी मारली, धुतलेला सदरा घातला, पायात वहाणा घातल्या आणि निघाला. बापाच्या काळात शिवेवर वहाणा चालत नसत. उंबरवलीतून पाटील आणि चार म्हातारे, कोलटेंभीतून तिथले दोन जाणते, साहेब, मकसूद आणि खुंट्यांचं ओझं, असा सगळा लवाजमा. सोमा पुढं. मागून येणाऱ्यांत असे काही होते, की साठी उलटली तरी आपल्या गावाची पाठ त्यांनी कधी बघितली नव्हती. एक जण म्हणाला, "अरं, आपल्याकडं हितं पानी हाय!" दुसऱ्याला तिथं आपलाच हरवलेला बैलाचा खुंटा सापडला. भुतं मात्र कोणाला दिसली नाहीत.

सोमाला सगळं आठवत होतं असंही नाही. दोन ठिकाणी तो अडला. एकदा चुकीच्या घळीत शिरला आणि सगळ्यांना परत फिरावं लागलं. "लहान व्हतो, साहेब," तो म्हणाला. "घाईनं आठवत नाय." साहेब म्हणाले, "घाई नाहीच." मग सोमा दगडावर बसून राहिला. बाप कुठं थुंकायचा, कुठं पाटी डोक्यावरून खांद्यावर घ्यायचा, ते आठवत आठवत त्याला वाट सापडली.

ऊन वर आलं तेव्हा मंडळी आसाण्याच्या झाडापाशी पोचली. वाडा समोर दिसत होता. सोमा थांबला.

"इथून?" साहेबांनी विचारलं.

"हितून माजा बाप वळायचा," सोमा म्हणाला. "ओढ्याच्या काठानं वर."

साहेबांनी नकाशा उघडला. मकसूदनं खुंटी काढली. पाटलांनी सुटकेचा सुस्कारा टाकला आणि कपाळ पुसलं.

"का वळायचा?" साहेबांनी सहज विचारलं. "पुढं काही खाचखळगा आहे?"

"नाय. पुढं आमी ऱ्हातो."

उंबरवलीचे म्हातारे ओढ्याकडं बघायला लागले. सोमाला वाटलं, झालं ते झालं, बापाची चाल खरी ठेवली. घरी जाऊन काय सांगायचं तेवढं बघायचं. आणि मग त्याची नजर वाड्याच्या पलीकडं गेली. माळावर गवत उभं होतं. पाटलांचं गवत. ते कापायला दर वर्षी वाड्यातलीच माणसं जात, सोमाही गेला होता.

"पाटील," तो म्हणाला, "ते वरकस कुनाचं?"

"माजं."

"शेतसारा कुठं भरता त्याचा?"

"कुठं म्हंजे? उंबरवलीत."

पाटील वरकसाकडं बघत राहिले, मग वाड्याकडं, मग पुन्हा वरकसाकडं. ओढ्याच्या अलीकडं गाव आपलं, माळावरची जमीन आपली, आणि मधली माणसं मात्र कोणाचीच नाहीत, असं ते आणि त्यांचा बाप आणि त्यांचा आजा धरून चालले होते, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाला कधी वाटलं नव्हतं. वरकस सोडलं तर शीव ओढ्यावर येत होती, पण मग ती जमीन मुंबईच्या बाहेर जात होती. पाटील माणूस वाईट नव्हता आणि मूर्ख तर मुळीच नव्हता.

"साहेब," पाटील खाकरून म्हणाले, "गाव बांधायचं ते येगळं. ते देवाचं. शीव... शीव माज्या वरकसाच्या पलीकडच्या बांधानं जाते."

साहेबांनी कोलटेंभीच्या जाणत्यांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. आमची हद्द त्या बांधापासूनच, ते म्हणाले, आम्ही कधी अलीकडं गुरंसुद्धा सोडली नाहीत.

"मग वाडा उंबरवलीत," साहेब म्हणाले, आणि झाडापाशी काढलेली खुंटी मकसूदनं परत ओझ्यात टाकली.

मंडळी झाड ओलांडून पुढं निघाली. सोमाच्या पायांना ते चमत्कारिक वाटलं. बापाच्या मागं हिंडताना झाड आलं की पाय आपोआप वळत, आता ते सरळ चालले होते. वाड्यातून जाताना आवडीनं सगळ्यांना पाणी दिलं. साहेब प्याले, मकसूद प्याला, कोलटेंभीवाले प्याले. पाटलांनी तांब्या हातात घेतला, जरासे थांबले आणि प्याले. मागचे म्हातारे तहान नाही म्हणाले, आणि आवडीनंही आग्रह केला नाही.

शीव सोमाच्या घराच्या मागून, वरकसाला वळसा घालून जात होती. सगळे तिकडं वळणार तेवढ्यात आतून घुंगरांचा आवाज आला. शेळीला बाजूला सारत, भिंत चाचपत धर्माजी बाहेर आला.

"कुठवर आलात रं?"

"बा, आपल्या घराच्या मागं," सोमा म्हणाला. "वाडा आत धरला. तुजी वाट मी खरी सांगितली. झाडापाशी वळायचास ते पन सांगितलं."

धर्माजी ओट्याची कड धरून उभा राहिला. त्याला बसावंसं वाटत असेल म्हणून सोमानं हात पुढं केला. म्हाताऱ्यानं तो हात धरला, पण बसला नाही.

"ह्या अंगानं मी कदी चाललो नाय," तो म्हणाला. "ने मला."

सोमानं त्याला नेलं. घराला वळसा घालून, केळीच्या मागून, गवतातनं. जाणतेसवरते सगळे मागं थांबून राहिले, साहेबसुद्धा. म्हातारा सावकाश चालत होता. डोक्यावर पाटी नव्हती, हातात काठी नव्हती, तरी एक हात मधूनच वर जात होता, पाटी सावरायला. पलीकडच्या बांधाशी पोचल्यावर तो वळून उभा राहिला, तोंड घराकडं करून. धुरकट डोळ्यांना घर दिसत होतं की नाही कोण जाणे. सोमाला जनाची आठवण झाली, आणि त्यानं बापाचा हात घट्ट धरला. बापालाही ती झाली असणार.

खुंटी ठोकून झाली. कोणाकोणाच्या समक्ष शीव दाखवली त्यांची नावं साहेबांना हवी होती. पाटलांचं झालं, कोलटेंभीवाल्यांचं झालं, सोमाचं झालं. साहेब म्हाताऱ्याजवळ आले.

"बाबा, नाव?"

"धर्माजी."

"गाव?"

सोमा नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला पुढं झाला, पण धर्माजीनं त्याला हातानंच थांबवलं. अनवाणी पाय त्यानं बांधाच्या अलीकडं मातीत एकदा आपटला.

"हे काय," तो म्हणाला, "उबा हाय की त्यात."